संचालक मंडळातील महिला आणि गुंतवणूकदारांचा प्रतिसाद

भांडवल बाजारात समभागांचे भाव दररोज वरखाली होतात आणि प्रत्येक चढउतारामागे एखादे कारण शोधले जाते. कंपनीने संचालक मंडळावर महिलेची नियुक्ती केली आणि त्याच सुमारास भाव चढला, तर बाजाराने निर्णयाचे स्वागत केले असे म्हटले जाते. भाव उतरला, तर गुंतवणूकदारांना निर्णय रुचला नाही असा निष्कर्ष काढला जातो. कंपनी कायदा, २०१३ ने महिला संचालकाची नियुक्ती बंधनकारक केल्यापासून हा विषय शेअर बाजारातील चर्चेपुरता मर्यादित राहिलेला नाही. लाखो बचतदारांचा पैसा ज्या कंपन्यांत गुंतलेला आहे, त्यांच्या कारभारात अशी सक्ती हितावह ठरते काय, हा आता सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी गुंतवणूकदार नेमका कशाला प्रतिसाद देतात, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

कायदेशीर चौकट

कंपनी कायद्याच्या कलम १४९(१) मधील तरतुदीनुसार आणि २०१४ च्या नियमांनुसार प्रत्येक सूचीबद्ध कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक महिला असणे अनिवार्य आहे. सूचीबद्ध नसलेल्या, परंतु १०० कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल किंवा ३०० कोटी रुपये वा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या सार्वजनिक कंपन्यांनाही हीच अट लागू होते. या तरतुदी १ एप्रिल २०१४ पासून अमलात आल्या.

भांडवल बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीनेही सूचीकरणाच्या अटींमध्ये अशी तरतूद केली. त्यासाठी आधी १ ऑक्टोबर २०१४ ही मुदत होती. ती पुढे १ एप्रिल २०१५ पर्यंत वाढविण्यात आली. ही मुदतही अनेक कंपन्यांनी पाळली नाही. तेव्हा सेबीने ८ एप्रिल २०१५ रोजी दंडाची श्रेणी जाहीर केली. ३० जून २०१५ पर्यंत अटीची पूर्तता करणाऱ्या कंपनीस ५०,००० रुपये दंड होता; त्यापुढील विलंबासाठी दररोज वाढत जाणारी रक्कम निश्चित करण्यात आली.

या सुरुवातीच्या तरतुदीत एक मोठी त्रुटी राहून गेली होती. संचालक महिला असावी एवढीच अट होती; ती स्वतंत्र संचालक असावी, असे बंधन नव्हते. त्यामुळे मुदत संपण्याच्या सुमारास अनेक कंपन्यांनी प्रवर्तकांच्या पत्नी, कन्या वा भगिनी यांना संचालक मंडळावर घेतले. कायद्याच्या शब्दांची पूर्तता झाली, परंतु मंडळात नवा आणि स्वतंत्र आवाज आला असे म्हणता येत नव्हते. उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑक्टोबर २०१७ मध्ये सादर केलेल्या अहवालात किमान एक स्वतंत्र महिला संचालक असावी, अशी शिफारस केली. सेबीने ती टप्प्याटप्प्याने स्वीकारली. बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १,००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून ही अट लागू झाली.

स्वतंत्र संचालक म्हणजे प्रवर्तकांशी नाते नसलेली आणि कंपनीशी लक्षणीय आर्थिक हितसंबंध नसलेली व्यक्ती. त्यामुळे प्रवर्तक कुटुंबातील महिला संचालक कितीही कर्तृत्ववान असली, तरी तिच्यामुळे केवळ कंपनी कायद्याची अट पूर्ण होते. सेबीची अट पूर्ण होत नाही. पुढील विवेचनासाठी हा भेद महत्त्वाचा आहे.

म्हैसूर आणि पुणे : दोन परस्परविरुद्ध अनुभव

म्हैसूरची ओळख रेशीम, चंदन आणि दसरा महोत्सव यांच्याशी जोडलेली असली, तरी गेल्या काही दशकांत या शहराने उद्योगक्षेत्रातही स्थान मिळविले आहे. येथील बेळगोळ औद्योगिक वसाहतीत नोंदणीकृत कार्यालय असलेली केन्स टेक्नॉलॉजी ही इलेक्ट्रॉनिक उत्पादनांची कंपनी नोव्हेंबर २०२२ मध्ये भांडवल बाजारात उतरली. त्या वेळी कंपनीच्या अध्यक्षपदी सविता रमेश होत्या. त्या कंपनीच्या प्रवर्तकांपैकी एक आहेत. सुमारे ८५८ कोटी रुपयांच्या या प्रारंभिक समभाग विक्रीला उपलब्ध समभागांच्या सुमारे ३४ पट मागणी आली. ५८७ रुपयांना दिलेल्या समभागाचे व्यवहार २२ नोव्हेंबर २०२२ रोजी सुमारे ३२ टक्के चढ्या भावाने सुरू झाले.

याच्या नेमका उलट अनुभव पुण्याच्या थरमॅक्स कंपनीचा आहे. ऊर्जा आणि पर्यावरण क्षेत्रातील यंत्रसामग्री तयार करणाऱ्या या कंपनीचे समभाग १९९५ मध्ये जनतेला खुले झाले. अध्यक्ष रोहिंटन आगा यांचे फेब्रुवारी १९९६ मध्ये निधन झाले आणि कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी अनू आगा यांच्याकडे अध्यक्षपद आले. पुढील काही वर्षांत समभागाचा भाव सुमारे ४०० रुपयांवरून ३६ रुपयांपर्यंत घसरला. आपण गुंतविलेल्या पैशाचे चीज झाले नाही, अशी व्यथा व्यक्त करणारे एका भागधारकाचे निनावी पत्र आपल्याला आले होते आणि त्याने आपण अस्वस्थ झालो, असे अनू आगा यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे.

या दोन घटना शेजारी ठेवून घाईने निष्कर्ष काढला, तर म्हैसूरचे उदाहरण बाजार महिला अध्यक्षांना पसंती देतो असे सांगेल आणि पुण्याचे उदाहरण बाजार त्यांना शिक्षा करतो असे सांगेल. वस्तुतः दोन्ही निष्कर्ष सारखेच चुकीचे आहेत. केन्सला मिळालेल्या प्रतिसादामागे देशांतर्गत इलेक्ट्रॉनिक उत्पादनाला मिळालेली धोरणात्मक चालना, त्या क्षेत्रातील वाढत्या मागणीची अपेक्षा आणि त्या वेळची बाजाराची मनःस्थिती ही कारणे होती. थरमॅक्सच्या घसरणीच्या काळात देशातील भांडवली वस्तूंच्या उद्योगात मंदी होती, नवीन प्रकल्प थंडावले होते आणि कंपनी अनेक बिगर-मुख्य व्यवसायांत पसरलेली होती. अध्यक्ष महिला असणे ही गोष्ट दोन्ही ठिकाणी समान होती. भाव मात्र विरुद्ध दिशांना गेले. जी बाब दोन्हीकडे समान आहे, ती एकटी या भिन्न परिणामांचे कारण असू शकत नाही.

प्रतिसाद कसा मोजतात?

अशी गफलत टाळण्यासाठी वित्तीय अर्थशास्त्रात घटना-अभ्यास ही पद्धत वापरली जाते. तिचे तत्त्व सोपे आहे. एखादी बातमी जाहीर झाली त्या दिवशी समभागाचा भाव किती बदलला, एवढेच पाहून भागत नाही. ती बातमी नसती तर भाव किती बदलला असता, याचा अंदाज आधी बांधावा लागतो. समजा, नियुक्तीच्या दिवशी समभाग २ टक्के वाढला. परंतु त्याच दिवशी संपूर्ण बाजार तेजीत होता आणि त्या समभागाची पूर्वीची वाटचाल पाहता त्यात दीड टक्का वाढ अपेक्षित होती. अशा वेळी उरलेला अर्धा टक्का एवढाच बातमीचा परिणाम मानता येतो. त्याला असामान्य परतावा असे म्हणतात.

या पद्धतीची मुख्य अट अशी की, त्या दिवशी कंपनीविषयी दुसरी कोणतीही महत्त्वाची बातमी नसावी. प्रत्यक्षात ही अट अनेकदा पाळली जात नाही. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि आज म्हैसूरमध्ये विशाल प्रशिक्षण केंद्र चालविणाऱ्या इन्फोसिसचे उदाहरण येथे बोलके आहे. या कंपनीने १० जानेवारी २०१४ रोजी जैवतंत्रज्ञान क्षेत्रातील उद्योजिका किरण मजुमदार-शॉ यांना स्वतंत्र संचालक म्हणून नेमले. त्याच दिवशी कंपनीचे तिमाही निष्कर्ष जाहीर झाले आणि संपूर्ण वर्षाच्या महसूलवाढीचा अंदाजही उंचावण्यात आला. अशा दिवशीच्या भावबदलातून नियुक्तीचा वाटा वेगळा काढणे जवळजवळ अशक्य असते. संचालकांच्या नियुक्त्या बहुधा मंडळाच्या तिमाही बैठकीतच होत असल्याने ही अडचण अपवादात्मक नसून नेहमीची आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ज्या कंपन्या स्वेच्छेने महिला संचालक नेमतात, त्या बहुधा मोठ्या, अधिक नफा कमावणाऱ्या आणि जनतेच्या नजरेत असलेल्या कंपन्या असतात. महिला संचालकांमुळे कंपनी चांगली चालते, की चांगल्या चाललेल्या कंपन्या महिला संचालक नेमतात, हे नुसत्या आकडेवारीवरून सांगता येत नाही. कार्यकारणाची दिशा ठरविण्याच्या या अडचणीमुळेच कायद्याने लादलेल्या सक्तीचा अभ्यास संशोधकांना महत्त्वाचा वाटतो. कारण तेथे निर्णय कंपनीचा नसतो.

परदेशातील अनुभव

अशी सक्ती प्रथम नॉर्वेने केली. तेथील मंत्र्यांनी फेब्रुवारी २००२ मध्ये सार्वजनिक कंपन्यांच्या संचालक मंडळांवर ४० टक्के महिला असाव्यात असे सूचित केले. २००३ मध्ये कायदा संमत झाला आणि २००८ पर्यंत त्याची पूर्तता अनिवार्य झाली. केनेथ अहर्न आणि एमी डिटमार यांच्या २०१२ मधील अभ्यासानुसार, घोषणेच्या सुमारास एकही महिला संचालक नसलेल्या कंपन्यांचे समभाग सुमारे साडेतीन टक्क्यांनी घसरले. किमान एक महिला असलेल्या कंपन्यांना मात्र विशेष झळ बसली नाही. नव्या संचालक तुलनेने तरुण व उच्च व्यवस्थापनाचा कमी अनुभव असलेल्या होत्या, असेही त्यांना आढळले. पुढे एस्पेन एक्बो, क्नुट नुगार्ड आणि कारिन थोरबर्न यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हीच आकडेवारी पुन्हा तपासली. सर्व कंपन्यांवर एकाच दिवशी परिणाम करणाऱ्या घटनेत त्यांचे भाव एकत्र हलतात. हे लक्षात घेऊन गणित केले असता कायद्याचा परिणाम संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय राहत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एकाच देशाचा, एकाच कायद्याचा अभ्यास करूनही दोन भिन्न उत्तरे येऊ शकतात, हे यावरून स्पष्ट होते.

अमेरिकी कंपन्यांच्या चौदा वर्षांच्या माहितीवर आधारलेल्या इसाबेल सोलाल आणि काइसा स्नेलमन यांच्या २०१९ मधील अभ्यासात महिला संचालकांची संख्या वाढविणाऱ्या कंपन्यांच्या बाजारमूल्यात घट आढळली. कंपनीच्या प्रत्यक्ष कामगिरीत मात्र तशी घसरण दिसून आली नाही. या संशोधकांच्या मते, गुंतवणूकदार अशा नियुक्तीचा अर्थ लावतात: ही कंपनी भागधारकांच्या लाभापेक्षा सामाजिक उद्दिष्टांना अधिक महत्त्व देत असावी, असे ते मानतात. म्हणजेच घट महिलेच्या कार्यक्षमतेबद्दलची नसून नियुक्तीमागील हेतूबद्दलच्या तर्काची असते.

कोरिन पोस्ट आणि क्रिस बायरन यांनी २०१५ मध्ये १४० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. महिला संचालकांचा हिशेबी नफ्याशी अल्प प्रमाणात सकारात्मक संबंध त्यांना आढळला. बाजारातील मूल्यमापनाशी असलेला संबंध मात्र एकंदरीत शून्याच्या जवळ होता. स्त्री-पुरुष समानता अधिक असलेल्या देशांत बाजाराचा प्रतिसादही अनुकूल असतो, ही त्यांची नोंद विशेष महत्त्वाची आहे. बाजार हा समाजापासून अलिप्त असा तटस्थ न्यायाधीश नसून समाजातील समजुती त्याच्या मूल्यमापनातही उतरतात, असा तिचा अर्थ होतो.

नियुक्तीतून मिळणारा संकेत

या सर्व विवेचनाला जोडणारा धागा संकेत या संकल्पनेत सापडतो. गुंतवणूकदाराला कंपनीच्या आतील कारभाराची पूर्ण माहिती नसते. म्हणून तो दिसणाऱ्या निर्णयांवरून न दिसणाऱ्या गोष्टींचा अंदाज बांधतो. स्वेच्छेने झालेली नियुक्ती कंपनीच्या निवडप्रक्रियेविषयी काही तरी सांगते. सर्वांनाच सक्ती झाल्यावर मात्र महिलेची नियुक्ती झाली, या बातमीतील माहिती जवळजवळ संपते. कारण ती होणारच होती. त्यानंतर गुंतवणूकदाराचे लक्ष पुढच्या प्रश्नांकडे वळते. नियुक्त व्यक्ती कोण आहे? तिचा अनुभव कोणत्या क्षेत्रातील आहे? ती प्रवर्तकांची नातेवाईक आहे की स्वतंत्र? लेखापरीक्षण समितीसारख्या महत्त्वाच्या समित्यांवर तिला स्थान आहे काय?

थरमॅक्सचा पुढील इतिहास हेच दर्शवितो. अनू आगा यांनी बाहेरच्या सल्लागारांची मदत घेतली, बिगर-मुख्य व्यवसायांतून कंपनीला बाहेर काढले, संचालक मंडळाची फेररचना केली आणि मालकी व दैनंदिन व्यवस्थापन यांत अंतर निर्माण केले. कंपनी सावरली आणि २००४ मध्ये अध्यक्षपद त्यांच्या कन्या मेहेर पदमजी यांच्याकडे गेले. अध्यक्षपदी आधीही महिला होती आणि नंतरही महिलाच होती. बदलला तो कारभार. आणि गुंतवणूकदारांचा विश्वास परतला तो त्या बदलामुळे.

रेने ॲडम्स आणि डॅनियल फेरेरा यांच्या २००९ मधील अभ्यासाने याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखविली आहे. महिला संचालक बैठकांना अधिक नियमितपणे उपस्थित राहतात, त्यांच्यामुळे पुरुष संचालकांची उपस्थितीही सुधारते आणि देखरेखीचे काम अधिक काटेकोर होते. ज्या कंपन्यांत देखरेख दुर्बल आहे, तेथे याचा लाभ होतो. जेथे देखरेख आधीच कडक आहे, तेथे लाभ दिसत नाही, उलट काही तोटाही संभवतो. तात्पर्य, एकच उपाय सर्व कंपन्यांत सारखा परिणाम देत नाही.

भाव आणि मत : प्रतिसादाचे दोन मार्ग

गुंतवणूकदाराचा प्रतिसाद केवळ समभाग विकून वा विकत घेऊन व्यक्त होत नाही; भागधारकांच्या सभेतील मतदान हाही एक मार्ग आहे. म्हैसूरच्याच हूटगळ्ळी औद्योगिक क्षेत्रातील ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स या सूचीबद्ध कंपनीवरून हे समजून घेता येईल. पुण्याचा कल्याणी समूह आणि मेरिटर यांच्या भागीदारीतील या कंपनीत प्रवर्तकांचा वाटा सुमारे ७१ टक्के असून उर्वरित सुमारे २९ टक्के समभाग इतर गुंतवणूकदारांकडे आहेत. साधारण ठरावाला निम्म्याहून अधिक मते पुरतात. अशा रचनेत प्रवर्तकांनी ठरविलेली नियुक्ती इतर सर्व भागधारक एकवटले तरी थांबवू शकत नाहीत.

सेबीने १ जानेवारी २०२२ पासून सूचीबद्ध कंपन्यांत स्वतंत्र संचालकाच्या नियुक्तीसाठी विशेष ठराव आवश्यक केला. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट अनुकूल मते लागतात. म्हणजेच पडलेल्या मतांपैकी २५ टक्क्यांहून अधिक मते विरोधात गेल्यास तो फेटाळला जातो. ७१ आणि २९ अशा विभागणीत इतर भागधारकांना आता निदान गणिताने तरी नकाराधिकार मिळतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एक पर्यायही देण्यात आला. विशेष ठराव नापास झाला, तरी एकूण मतांचे बहुमत आणि प्रवर्तक वगळून इतर भागधारकांच्या मतांचेही बहुमत अनुकूल असेल, तर नियुक्ती ग्राह्य धरली जाते. म्युच्युअल फंडांना १ एप्रिल २०२१ पासून संचालकांच्या नियुक्तीसारख्या ठरावांवर मतदान करणे बंधनकारक झाले आहे. परिणामी सामान्य बचतदाराच्या वतीनेही उमेदवाराच्या गुणवत्तेचा विचार करणे भाग पडते. एका दिवसाच्या भावापेक्षा विचारपूर्वक दिलेले मत हा अधिक विश्वसनीय प्रतिसाद होय.

धोरणाचे मूल्यमापन

कायद्यापूर्वी भारतीय सूचीबद्ध कंपन्यांत महिला संचालकांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते. अलीकडच्या वर्षांत ते एकंदर संचालकांच्या पाचव्या हिश्शाच्या जवळ पोहोचले आहे. ही प्रगती लक्षणीय असली, तरी अनेक कंपन्यांत किमान एक हीच संख्या कमाल मर्यादा होऊन बसली आहे. रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्येच दाखवून दिले होते की, समूहातील एकट्या व्यक्तीकडे प्रतीक म्हणून पाहिले जाते आणि तिच्या मताला पुरेसे वजन मिळत नाही. मंडळात तीन महिला असल्यास हे चित्र पालटते, असे पुढील अभ्यासकांचे प्रतिपादन आहे.

जगात या विषयावर सध्या एकवाक्यता नाही. युरोपीय संघाने २०२२ मधील निर्देशानुसार मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांतील बिगर-कार्यकारी संचालकपदांपैकी ४० टक्के किंवा एकूण संचालकपदांपैकी ३३ टक्के पदे अल्पप्रतिनिधित्व असलेल्या लिंगाच्या व्यक्तींना मिळावीत, असे उद्दिष्ट ठेवून ३० जून २०२६ ही मुदत निश्चित केली. याउलट कॅलिफोर्नियाचा २०१८ चा कायदा मे २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द ठरविला, तर नॅसडॅक शेअर बाजाराचा विविधताविषयक नियम डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयात टिकला नाही. भारताचा मार्ग या दोहोंच्या मधला आहे: सक्ती आहे, परंतु ती एका जागेपुरती.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(३) ने स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा राज्याला दिली आहे. संचालक मंडळाची दारे निम्म्या लोकसंख्येस बंद राहू नयेत, हा या कायद्याचा मूळ हेतू आहे आणि त्याचे समर्थन समभागाच्या भावावर अवलंबून ठेवणे उचित नाही. महिला संचालकामुळे नफा हमखास वाढतो, असे सांगून कायद्याची बाजू मांडली, तर भाव उतरताच ती बाजू कोसळते. पुरुष संचालकाच्या नियुक्तीने नफा वाढतो की नाही, हा प्रश्न कोणी विचारत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

तेव्हा कायद्याचे यश मोजावयाचे असेल, तर निवडप्रक्रिया किती खुली झाली, स्वतंत्र महिला संचालकांना समित्यांवर कितपत जबाबदारी मिळाली, आणि उच्च व्यवस्थापनात महिलांची संख्या वाढून पुढील संचालकांची फळी तयार होत आहे काय, या कसोट्या लावाव्या लागतील. केन्सच्या पहिल्या दिवशीच्या तेजीत आणि थरमॅक्सच्या घसरणीत या प्रश्नांची उत्तरे सापडत नाहीत. ती संचालक मंडळाच्या दीर्घकालीन कामकाजातूनच मिळू शकतील.